भावाच्या बाजूची खिडकी

पलूसचे निवृत्त सुभेदार हिंदुराव प्लास्टिकचे छोटे रणगाडे जोडून स्प्रेनं रंगवतात. घरभर वास सुटला, तेव्हा पत्नी शालनताईंनी बजावलं, "कुनाची एक जरी तक्रार आली, तर समदे रणगाडे भंगारात."

मग सुभेदारांनी फ्रिजच्या खोक्याला एक्झॉस्ट फॅन बसवला. खोक्यात रंगवायचं, उडालेला रंग पाइपातून बाहेर. पाइप कुठल्या खिडकीतून काढायचा, याचा विचार करावाच लागला नाही. वाटणीत जी बाजू धाकट्या भावाकडे गेली, तीच.

बेंदूर या बैलांच्या सणाच्या आदल्या दिवशी धाकटा गुंडाजी दारात उभा राहिला. खिडकीखाली बांधलेला त्याचा पांढराशुभ्र खिलार बैल एका अंगानं लष्करी हिरवा झाला होता. शालनताईंनी भंगारासाठी पोतं काढलं.

"आवं दादा, ह्ये काय केलंसा?"

"चुकलं रं."

"चुकलं कशानं? लय झ्याक दिसतोय. पर उद्या मिरवणुकीत जोडी जुळाया नको व्हय? दुसरा बी आनलाय, बांधू का?"

शालनताईंच्या मते ही तक्रार नव्हती. पोतं परत माळ्यावर गेलं, आणि सुभेदार संध्याकाळपर्यंत रिकाम्या खोक्यात रंग उडवत बसले.