त्या एका वेढ्याचा घोर

मित्रांनो, निमगाव केतकीतल्या एका घराच्या कोनाड्यात पालथी पडलेली जुनी सहाण मी आहे. पालथी का, ते सांगताना आजही मला अपराध्यासारखं वाटतं.

पाथरवटानं मला घडवलं आणि या घरच्या कुशाबाईच्या सासूनं बाजारातून घरी आणलं. या घरातली कितीतरी बाळं माझ्यावर उगाळलेल्या गुटीवर वाढली. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, ज्याचे त्याचे उगाळायचे ठरलेले वेढे. जायफळाचा मात्र एकच, कारण त्यानं झोप येते. कुशाबाईच्या हाताला गुण आहे, असं सारी आळी म्हणायची आणि फुगायचे मी.

१९९४ साली कुशाबाईचे मालक गेले. तिचा डोळ्याला डोळा लागेना, म्हणून बारामतीच्या डॉक्टरांनी तिला झोपेच्या गोळ्या दिल्या. तिनं त्या नेमानं घेतल्या आणि तिला आराम पडला. तिथवर सारं ठीक होतं.

एका दुपारी सून मनिषा पानमळ्यात पानं खुडायला गेली होती. दात येत होते म्हणून तिचा तान्हा समर्थ रडून रडून लाल झाला. कुशाबाईनं गुटीचा बटवा उघडला, तर जायफळ संपलेलं. तिच्या मनात आलं, जायफळानंही झोप येते आणि गोळीनंही. एका वेढ्यानं काय बिघडतंय? तिनं गोळी माझ्यावर टेकवली. मित्रांनो, जायफळ टणक असतं, वेढ्याला जेमतेम उतरतं. गोळी भुसभुशीत. एका वेढ्यातच अर्धीअधिक माझ्या अंगावर उतरली. मला ते कळलं, पण दगडाला तोंड कुठलं? कुशाबाईनं ती बोटानं बाळाला चाटवली.

मनिषा आली तेव्हा पोर लुळं पडलेलं, श्वास मंद. गुटीचाच संशय येऊन तिनं मला तशीच पिशवीत घातलं आणि शेजाऱ्यांच्या जीपनं सगळे बारामतीला धावले. बाळाला काय दिलं, असं डॉक्टरांनी विचारलं. कुशाबाईनं गुटीतल्या मुळ्यांची नावं सांगितली, गोळीचं नाव घेतलं नाही. सुनेपुढं तिची जीभ रेटेना. माझ्या अंगावरची पांढरी रेघ सगळ्यांना दिसत होती, पण ती कशाची, हे तिला एकटीलाच ठाऊक होतं.

"माजी झोपंची गोळी उगाळली," ती शेवटी म्हणाली. "माज्याच हातानं."

डॉक्टर म्हणाले, "आजी, सांगितलंत हे बरं केलंत. आता काय करायचं ते कळलं." ऑक्सिजन लावून ते बाळाजवळ बसून राहिले. दुसऱ्या दिवशी समर्थनं भोकाड पसरलं, तेव्हा मनिषाला रडू आवरेना.

घरी येताच कुशाबाईनं मला धुऊन पालथं घातलं आणि ती गोळ्या उकिरड्यावर टाकायला निघाली. मनिषानं तिचा हात धरला.

"डॉक्टर म्हणलेत, एकदम बंद करायच्या न्हायत. गोळी तुमची हाय, आत्या. तुमीच घ्यायची, दुसऱ्या कुणाला न्हाय."

तेव्हापासून गोळ्या उंच फळीवर गेल्या. मित्रांनो, औषध ज्याचं त्यालाच द्या. आणि चूक झालीच, तर डॉक्टरांपासून लपवू नका. तेवढ्या वेळात जीव जातो.

पुढं समर्थच्या पाठीवर योगिनी झाली. मनिषानं तिला निर्धास्त कुशाबाईच्या मांडीवर दिलं आणि ती पानमळ्यात गेली. पोरगी काही केल्या गप्प बसेना. कुशाबाईची नजर कोनाड्याकडं आली. मग तिनं पोरीला खांद्यावर टाकलं आणि मनिषा येईपर्यंत अंगणात फेऱ्या घातल्या. मी पालथीच राहिले, आणि पहिल्यांदाच मला ते बरं वाटलं.