किल्ल्यावर जायचं म्हणजे

"संग्रहालय सोमवारी बंद असतं म्हणे," फोनवर हात ठेवून सून म्हणाली. "मग रविवारीच जाऊ. बाबा, चालेल ना?"

आजोबा खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. "तुम्ही जाऊन या," ते म्हणाले. "माझे गुडघे कुठे साथ देतायत."

नातीने चित्रकलेच्या वहीतून डोकं वर काढलं. किल्ल्यावरच्या लष्करी संग्रहालयात जायचं हे तिचं गेल्या वर्षीपासूनचं टुमणं. तिथल्या जुन्या तोफांचे गाडे कुजले होते, तेव्हा त्यांना नवी लाकडी चाकं आजोबांनी करून दिली होती. त्या वेळी ते सुतारकाम करायचे. किल्ल्यावरच्या तोफा आपल्या आजोबांच्या आहेत, असं तिने वर्गात सांगून ठेवलं होतं.

"परवा लिफ्ट बंद होती तेव्हा तुम्ही माझ्या आधी वर पोचलात," ती म्हणाली. "पळत."

ते खरंच पळत आले होते. का, ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

मुलगा आपली टॅक्सी खाली लावून नुकताच वर आला होता. बूट काढता काढता म्हणाला, "मित्राच्या अंत्यविधीलाही गुडघे आणि नातीच्या हौसेलाही गुडघे. तुम्हाला माणसंच नकोशी झालीत, बाबा. तसं सांगा एकदाचं."

"असं समज हवं तर," आजोबा म्हणाले.

हा मित्र म्हणजे कारखान्यात जन्मभर त्यांच्या शेजारच्या टेबलावर रंधा मारणारा माणूस. तो गेल्याचं कळलं त्या दिवशी आजोबा कपडे करून दारापर्यंत गेले होते. तिथून परतले, खोलीचं दार लावून बसले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. लोक काय काय बोलले ते मुलाने घरी येऊन सांगितलं.

प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर त्यांचा लघवीवरचा ताबा गेला होता. कधी खोकताना, कधी हसताना, कधी काहीच कारण नसताना. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, काही त्रास वगैरे? शेजारी एक तरुण नर्स उभी होती. आजोबा म्हणाले, छे, एकदम ठणठणीत. बायको असती तर तिला सांगितलं असतं. बहुधा सांगावंही लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं. आजोबांनी पॅंट घाईघाईने पाण्यातून काढली आणि इस्त्री करून वाळवायला घेतली. दोरीवर टाकली असती तर सकाळचीच पॅंट पुन्हा का धुतली, हा प्रश्न आला असता. इस्त्री फिरली तशी वाफ उठली आणि वाफेबरोबर वासही. तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली.

सून औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची. आज ती लवकर सुटली होती. ती दारातच थांबली.

"चहा सांडला," आजोबा तिच्याकडे न बघता म्हणाले.

स्वयंपाकघरात चहाचं भांडं कोरडं होतं. ओट्यावर कपही नव्हता.

"बरं," सून म्हणाली आणि पिशवी घेऊन सरळ आत गेली. खिडकी उघडल्याचा आवाज आला. आजोबा इस्त्री धरून तसेच उभे राहिले. कापड करपायला लागलं तेव्हा कुठे ते भानावर आले. आयुष्यभर कोणाच्या एका शब्दाचे मिंधे नव्हते ते. आणि आज सुनेसमोर मान वर होत नव्हती.

संध्याकाळी तिने पुन्हा संग्रहालयाला फोन लावला. तोही बाहेरच्या खोलीत, स्पीकर चालू करून.

"एक विचारायचं होतं. मला सारखं बाथरूमला जावं लागतं. तिथे सोय कुठे कुठे आहे?"

"आई," नात तोंड दाबून हसली.

"हसण्यासारखं काय त्यात? शरीर आहे."

पलीकडचा माणूस जुना फौजी असावा. कवायतीला हुकूम सोडावेत तसं त्याने सांगितलं, "एक बाथरूम तिकीट खिडकीपाशी. दुसरं बराकीच्या मागे. तोफा बघायच्या असतील तर मागच्या दाराने या, गाडी वरपर्यंत येते. लाजायचं काही कारण नाही, ताई. इथे येणारे निम्मे लोक आधी तेच विचारतात."

आजोबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सुनेला असला काही त्रास नव्हता. त्यांची लाज तिने उचलून स्वतःच्या अंगावर घेतली होती, तीही लेकीच्या देखत. त्यांना उठून आत जावंसं वाटलं. पण आत गेलं तर तिने उगाचच एवढं केलं, असं झालं असतं.

"ते मागचं दार रविवारी उघडं असतं का, विचार," ते म्हणाले.

सुनेने वळून पाहिलं नाही. तिने विचारलं.

रविवारी टॅक्सी मागच्या दाराने वर गेली. आजोबांनी मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरली होती. उतरल्यावर ते आधी बराकीमागे जाऊन आले, मग तोफांकडे वळले. गर्दी बरीच होती. नात दोराला चिकटून उभी राहिली आणि शेजारच्या अनोळखी बाईंना म्हणाली, "ही चाकं आमची आहेत. घरी न्यायची राहिलीत."

बाई हसल्या. आजोबाही हसले, मनापासून, कितीतरी दिवसांनी. आणि हसता हसता त्यांना कळलं.

करड्या पॅंटवर डाग पसरत गेला. ते चटकन एका खांबाआड सरकले.

"बाबा, पुढे या. फोटो काढतो," मुलाने फोन धरला होता. "या ना. आता काय झालं? गुडघे?"

हो म्हणणं सोपं होतं. शब्द ओठांवर होताच.

"पॅंट ओली झालीय," आजोबा म्हणाले. "ऑपरेशनपासून होतं असं. त्या दिवशीही दारातच झाली. म्हणून आलो नाही त्याला पोचवायला."

मुलाचा हात हळूहळू खाली आला. तो बापाकडे बघू लागला, मग फरशीकडे. सून नातीला घेऊन पुढच्या तोफेकडे गेली.

मुलगा जवळ आला. ज्या बाजूला लोक होते त्या बाजूने, खांद्याला खांदा लावून चालू लागला. आजोबांच्या हातातली पिशवी त्याने घेतली. बराकीमागे आजोबा आत गेले. मुलाने दाराच्या फटीतून पिशवीतली कोरडी पॅंट दिली आणि तो तिथेच उभा राहिला.

दोन माणसं येऊन रांगेत थांबली. एकाने घड्याळ पाहिलं, दारावर टकटक करायला हात पुढे केला.

"वडील आहेत आत," मुलगा म्हणाला. "त्यांना वेळ लागेल."