न घेतलेली गोळी

सर्जननी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांना दिसेल असा फिरवला.

"यात खोट काढून दाखवा."

कोणी काढली नाही. खोट नव्हतीच. सर्जनच्या हाताला यश होतं आणि नवा गुडघा त्यांनी बघत राहावा असा बसवला होता. पण वेदनेवरचे उपचार सगळ्यांनी एकत्र शिकायचे, असं प्रशिक्षण रुग्णालयाने काढलं आणि त्यांना एका सिस्टर, एका फिजिओथेरपिस्ट आणि एका फार्मासिस्टबरोबर बसवलं. वर रुग्णही दिला तो त्यांचाच. सुतारकाका.

काका पाय लांब करून बसले होते. तो पाय वाकतच नव्हता.

"व्यायामाने वाकेल," फिजिओथेरपिस्ट म्हणाली. "पण मी नुसता हात लावला तरी काका कळवळतात."

"गोळी घेतली तर कळवळणार नाहीत," फार्मासिस्ट म्हणाला. "मात्रा बरोबर आहे."

"घेतो की," काका जरा घाईनेच म्हणाले.

ज्याचं त्याचं बरोबर होतं. गुडघा मात्र ढिम्म.

सिस्टर काकांकडे वळल्या. "गोळीने झोप कशी लागते, काका?"

"मेल्यासारखी." काका बोलून गेले. मग खालमानेने म्हणाले, "म्हणून नाही घेत. बायकोला पक्षाघात झालाय. रात्री कूस बदलायला हाक मारते. आवाज अगदी बारीक झालाय तिचा. मी असा पडलो तर ऐकणार कोण?"

सर्जननी एक्स-रे पाकिटात सरकवला. दर खेपेला त्यांनी या माणसाला कुठे दुखतं ते विचारलं होतं. घरी कोण असतं, ते कधीच नाही.

"झोप न आणणारी गोळी देता येईल?" त्यांनी फार्मासिस्टला विचारलं.

"येईल. सकाळी, व्यायामाच्या आधी घ्यायची."

"मग सकाळी मी घरीच येते," फिजिओथेरपिस्ट म्हणाली. "काकांना जिना चढायला लावते की नाही बघा."

"त्याआधी काका काकूंची कूस कशी बदलतात ते बघू," सिस्टर म्हणाल्या. "सगळा भार त्याच पायावर येत असणार."

सर्जन उठले. "आत्ता काकूंजवळ कोण आहे?"

"शेजारीण. तीही किती वेळ बसणार?"

"चला मग. गाडी खालीच आहे. सगळे मावतो."

काकांचं घर दोन खोल्यांचं होतं आणि आतल्या खोलीत त्यांनी स्वतः केलेला ठेंगणा पलंग. काकूंनी आलेल्या एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला.

"यातले... डॉक्टर कोण?"

काकांनी दाखवायला हात उचलला. सर्जन तोवर उकिडवे बसून पलंगाची उंची वितीने मोजायला लागले होते.

"ते नंतर सांगतो, काकू," ते म्हणाले. "आधी तुम्ही सांगा. रात्री जाग आली की काय काय लागतं?"