घोंगडीवरचं बोलणं

शंभूराजचा फ्लेक्स शेवटी सिद्धूच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर गेला, आणि खरं सांगायचं तर तिथंच तो शोभत होता. दोन वर्षांपूर्वी तो धुळकरवाडीच्या फाट्यावर लागला होता. ‘माणदेशाच्या मातीची कन्या निघाली अमेरिकेला!’ कोपऱ्यात सिद्धूची पोरगी सृष्टी, पासपोर्टवरच्या फोटोएवढी. आणि मधोमध हात जोडून शंभूराज, बैलाएवढा. शंभूराज हा सांगलीकडच्या ऊसपट्ट्यातला तरुण पुढारी. बापानं काढलेली कॉलेजं त्याला आयती मिळाली होती आणि आता जिल्हा परिषदेच्या तिकिटाची घाई लागली होती. मेंढरं राखणाऱ्या धनगराची पोर चाऱ्याच्या पिकांवर शिकायला स्कॉलरशिप मिळवून परदेशी निघाली, त्यात त्याचा वाटा एक शाल आणि एक नारळ. पण आयत्या बिळावर नागोबा व्हायला तेवढं पुरतं.

सृष्टी गेली आणि पदवी हातात पडायच्या आधीच परत आली. तिच्या विद्यापीठातल्या पोरांनी गाझातल्या लोकांसाठी हिरवळीवर तंबू ठोकले होते. आमच्या फीचा पैसा बॉम्ब बनवणाऱ्यांच्या धंद्यात घालू नका, एवढंच त्यांचं मागणं. सृष्टी अकरा दिवस तिथं बसली. बाराव्या दिवशी सकाळी पोलीस आले, हातांना प्लास्टिकच्या पट्ट्या आवळून पोरांना घेऊन गेले. मग विद्यापीठानं काढलं आणि पाठोपाठ व्हिसा गेला.

हे सगळं सिद्धूनं फोनवर मुकाट्यानं ऐकून घेतलं होतं. विचारलं फक्त एकच, आईनं दिलेली घोंगडी कुठाय? ती घोंगडी म्हणजे हरणाबाईनं वर्षभर मेंढरांमागं चालता चालता काढलेलं सूत. सणगराकडून विणून आणलेलं, चिंचोक्याची खळ दिलेलं. सृष्टीनं ती तंबूत अंथरली होती. पोलीस बुटांनिशी तिच्यावर चढले आणि नंतर तंबूंसकट ती कचऱ्याच्या गाडीत गेली, असं तिनं सांगितलं. त्या दिवशी सिद्धूला घास गेला नाही.

कारण घोंगडीवर धनगर पायताण घालून पाऊल ठेवत नाही. बिरोबापुढं अंथरली की ती देवाचं आसन, आणि भांडण तोडायला अंथरली की तिच्यावर बसून खोटं बोलायचं नाही. जो बोलेल त्याचा कळप बसतो, एकेक करून मेंढरं मरतात, असं जुनी माणसं सांगायची. खरं की खोटं कुणास ठाऊक. सिद्धूच्या हयातीत तरी कुणी करून बघायची छाती केली नव्हती.

घोंगडी सोडून इतर ठिकाणी मात्र सिद्धू खोटं बोलत होता. पोरगी का आली, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, तिकडची हवा मानवली नाही. पारावर म्हणाला, बाजारात म्हणाला, सोयऱ्यांत म्हणाला. दरवेळी त्याला स्वतःचीच लाज वाटायची आणि दरवेळी तो तेच म्हणायचा.

सृष्टीनं सांगलीत माती तपासायच्या एका लॅबमध्ये नोकरी धरली. एका रविवारी ती, तिची मैत्रीण अंकिता आणि आणखी चौघं हातात पाट्या घेऊन चौकात उभी राहिली. घोषणा नाही, काही नाही. ‘मुलांना मारू नका’ एवढंच पाट्यांवर लिहिलेलं. उभे सहा आणि बघायला आलेले पोलीस चौदा. नावं लिहून घेतली गेली. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी भावना दुखावल्याची तक्रार आली आणि लॅबच्या मालकानं उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. त्या परमुलखात तंबूत बसल्याबद्दल हाकललं, इथं गप्प उभं राहिल्याबद्दल. लहान लेकरांना मारू नका म्हटल्यावर ज्यांच्या भावना दुखावतात, त्यांच्या भावना तरी कसल्या मातीच्या असतील, हे लॅबमध्येच तपासायला हवं होतं.

मग शंभूराजच्या विरोधकांनी त्या जुन्या फ्लेक्सचा फोटो शोधून काढला. त्याच्या शेजारी सृष्टीचा सांगलीतला पाटी घेतलेला फोटो लावला, खाली लिहिलं, ‘ही तुमचीच कन्या ना, दादा?’ आणि मोबाईलवर फिरवलं. दोन दिवसांत शंभूराज दोन गाड्या घेऊन धुळकरवाडीत हजर. बरोबर मोबाईल, काठ्या आणि दिवे सांभाळणारा इंद्रजित.

दारात पाहुणा आला म्हणून सिद्धूनं कोकरू कापलं. रीत ती रीत. शंभूराजनं तीन वेळा रस्सा मागून घेतला, लय भारी, लय भारी म्हणत. गाझाचं नाव त्यानं एकदाही घेतलं नाही. तो म्हणायचा ‘तो विषय’. नळी चोखता चोखता त्यानं सिद्धूला समजावलं की गुन्हा दाखल झाला तर पासपोर्ट गेला, सरकारी नोकरी गेली, लग्नाचंही अवघड. त्यापेक्षा सृष्टीनं मोबाईलपुढं दोन ओळी बोलाव्यात, मी चुकले, मला भडकवलं होतं. तक्रार मागं घ्यायला लावायचं काम त्याचं.

सृष्टी आतल्या खोलीतून उंबऱ्यात आली. “मी मेलेल्या लेकरांसाठी उभी राहिले,” ती म्हणाली, “त्याची माफी मी कुणाची मागू, तेवढं सांगा.”

शंभूराजनं तिच्याकडं बघितलंही नाही. हाड ताटात ठेवलं, बोटं चाटली आणि सिद्धूला म्हणाला, “मग तुमी मागा, तात्या. पोरीपेक्षा बापाचं लोकांना जास्त पटतं.”

आणि सिद्धू हो म्हणाला. त्याचंही काही चुकलं असं कुणी म्हणू नये. आपल्या तोंडानं दोन शब्द गेले तर पोरीचा जन्म सुधारतो, असा त्याचा हिशेब. सृष्टी आत जाऊन पाठ करून बसली. हरणाबाईनं मात्र त्या वेळेपासून नवऱ्याशी बोलणं टाकलं. ताटात भाकरी ठेवायची ती पण लांबून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिरोबाच्या देवळापुढं मोबाईल काठीवर चढला. गावातली पंचवीस-तीस माणसं जमली. सिद्धूला नवा फेटा बांधला, कपाळाला भंडारा लावला, हातात काठी दिली. इंद्रजितला प्लास्टिकची खुर्ची पसंत पडेना. म्हणाला, गावाकडचं वाटत नाही. शंभूराजनं इकडं तिकडं बघितलं. देवळात खुंटीवर देवाची घोंगडी होती. त्यानं स्वतः ती काढली, झटकली आणि मोबाईलपुढं अंथरली. “आता कसं, एकदम धनगरी,” तो खूश होऊन म्हणाला.

म्हातारी माणसं एकमेकांकडं बघायला लागली. ऊसपट्ट्यातल्या त्या शहाण्याला कोण सांगणार की त्यानं काय अंथरलंय? कुणी सांगितलं नाही. सिद्धूनं वहाणा काढल्या, घोंगडीला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि मांडी घालून बसला. त्याला दोन ओळी पाठ करून दिल्या होत्या. त्यानं तोंड उघडलं आणि ओळी काही बाहेर येईनात. खालची लोकर मांडीला टोचत होती.

मग तो बोलला, सावकाश, मोबाईलकडं नाही तर देवळाकडं बघत, हात जोडून. “माझी पोर हवा मानवली न्हाई म्हणून परत आली, आसं मी समद्यास्नी सांगत हुतो. त्ये खोटं हाय. माझं चुकलं. मला माफ करा. तिला हाकलली. लेकरं मारू नका म्हणली, म्हणून हाकलली. मी बी बघितलंय तिच्या फोनात. माझं कोकरू मेलं तर मी त्येला पाटीत घालून न्हेतो. तिकडचा त्यो बाप मेलेल्या पोराला पिशवीत घालून न्हेत हुता. ह्ये वाईट हाय म्हणायला माझ्या पोरीनं कुणाला इचारायचं?”

सिद्धूला वाटलं, आता शंभूराज भडकणार, शिव्या देणार. पण त्यानं हसून सिद्धूच्या खांद्यावर हात ठेवला, झकास झालं म्हणाला आणि गाड्या धुरळा उडवत निघून गेल्या. सिद्धू हलका होऊन घरी आला. सृष्टी कळपामागं गेली होती, म्हणून झालेलं सगळं त्यानं हरणाबाईलाच सांगितलं. तिनं भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला आणि शेजारी बसली.

दुपार टळली तसे फोन वाजायला लागले. व्हिडिओ नऊ सेकंदांचा होता. भंडारा, फेटा, जोडलेले हात. “माझी पोर... माझं चुकलं. मला माफ करा.” मागं रडकी बासरी आणि शेवटी फडकणारा झेंडा. खाली लिहिलं होतं, ‘भरकटलेल्या लेकीसाठी धनगर बापानं मागितली देशाची माफी.’ त्याखाली पुन्हा शंभूराज, हात जोडून.

सिद्धूला शिसारी आली ती शंभूराजची नव्हे. लांडगा मेंढराला धरतो, त्यात नवल काय. त्याला शिसारी आली ती आपल्याच गावाची. ज्या पंचवीस-तीस माणसांनी देवळापुढं उभं राहून अख्खं बोलणं कानांनी ऐकलं होतं, तीच माणसं तो नऊ सेकंदांचा तुकडा एकमेकांना पाठवत होती. वर टाळ्यांची चित्रं टाकत होती. चुलतभावानं तर सिद्धूलाच पाठवला, वर लिहिलं, अभिमान वाटतो दादा. सिद्धू परसात गेला आणि सकाळची भाकरी त्यानं खुराड्याच्या कडेला ओकून टाकली.

सृष्टीनं व्हिडिओ दोनदा बघितला. मग बापाजवळ येऊन बसली. सिद्धूची तिच्याकडं मान वर करून बघायची हिंमत होईना.

“आबा, तुमी घोंगडीवर बसला होता ना?”

“व्हय.”

“मग हे एवढंच बोलला नसणार तुमी.”

तिनं बाकीचं काय ते विचारलंसुद्धा नाही. सिद्धूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. साऱ्या गावानं कानांनी ऐकून विश्वास ठेवला नाही, आणि पोरीनं न ऐकता ठेवला. पण जग काही घोंगडीला ओळखत नव्हतं. जगापुढं ते नऊ सेकंदच राहणार होते, आणि त्या नऊ सेकंदांत तिची चूक तिच्या बापानं कबूल केलेली राहणार होती.

बाजाराच्या दिवशी सिद्धूनं घरातली घोंगडी खांद्यावर टाकली आणि तो शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात गेला. विकायला काही नेलं नव्हतं. लिंबाखाली त्यानं घोंगडी अंथरली, वहाणा बाहेर काढल्या आणि बसला. ओळखीचा कुणी आला, “काय सिद्धू, काय इकायला आनलंय?” म्हणाला, की त्याला समोर बसवायचा आणि पहिल्यापासून सगळं सांगायचा, हवा मानवली न्हाई इथपासून पिशवीपर्यंत. घोंगडीवर बसून सांगतोय म्हटल्यावर धनगर माणसं ऐकून घ्यायची. कुणी मान हलवायचं, कुणी उठून जायचं. दोघातिघांनी मोबाईल वर धरले. सिद्धू त्यांना म्हणाला, कापायचं न्हाई, समदं टाका. पाऊण तासात पन्नासेक माणसं जमली.

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली आणि तिच्यातून हवालदार बिराप्पा उतरला. शेजारच्या वाडीचा, जातीचा धनगर. लहानपणी सिद्धूच्या कळपामागं हिंडलेला, त्याच्याच खोपीत झोपलेला. गर्दीनं त्याला वाट दिली.

“मामा, उठा,” तो हळूच म्हणाला, “जमाव करायला बंदी हाय.”

“बिराप्पा, मी खोटं काय बोललो का?”

“न्हाई, मामा.”

“मग?”

“वरनं फोन हाय.”

सिद्धू उठला नाही. बिराप्पा घोंगडीच्या कडेला उभा राहिला. त्यानं आपल्या बुटांकडं बघितलं, मग घोंगडीकडं. सगळा बाजार त्याच्याकडं बघत होता. शेवटी तो खाली वाकला आणि त्यानं लेस सोडल्या. सिद्धूला वाटलं, पोरगा शेजारी येऊन बसतोय.

बिराप्पानं दोन्ही बूट जोडीनं बाजूला ठेवले. अनवाणी घोंगडीवर आला. वाकून तिला हात लावला, तो कपाळाला टेकवला. आणि मग त्यानं सिद्धूच्या बगलेत हात घालून त्याला उचललं. गाडीजवळ उभं करून तो परत आला, घोंगडी झटकली, नीट चौघडी घातली आणि आणून सिद्धूच्या खांद्यावर ठेवली. मग गाडीच्या पायरीवर बसून बूट चढवायला लागला.

“बिराप्पा,” सिद्धू म्हणाला, “माझ्या पोरीला उचलली त्या पोलिसांस्नी घोंगडी म्हंजी काय, ठावं न्हवतं रं.”

बिराप्पा लेस बांधत होता. त्यानं दुसऱ्या बुटाचीही गाठ घट्ट आवळली.