उजव्या कोपऱ्यातला स्पीकर

तानसेन होता आलं नाही तरी कानसेन व्हावं, असं म्हणतात. मी झालो. म्हणजे लोकांनी केलं. अकरा वर्षं एका मासिकात मी घरातल्या होम थिएटर संचांची परीक्षणं लिहितोय, आणि त्या जोरावर दुकानदार, वाचक, एवढंच काय माझी मेहुणीसुद्धा मला कानसेन म्हणते. मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू, एकदा फोनवर मी स्वतःच तसं नाव सांगितलं होतं.

माझी पद्धत ठरलेली. हॉलमध्ये एक लाकडी खुर्ची, तिच्या चारही पायांच्या जागा फरशीवर खडूने आखलेल्या, समोर टीव्ही. मी डोळ्यांवर रुमाल बांधून बसतो आणि ऐकतो. आवाज मोजायचं यंत्र मी वापरत नाही; देवाने कान दिलेत ते काय चष्म्याच्या काड्या अडकवायला? त्या खुर्चीवर दुसऱ्या कोणी बसायचं नाही आणि मत द्यायचं नाही, हा घरातला नियम. मतांत भेसळ नको. बायको त्या वेळात स्वयंपाकघराचं दार लावून बसते. ती म्हणते, नियम होण्याच्या आधीपासूनच ती तसं करते.

या खेपेला आला होता एक स्वस्तातला संच. पाच छोटे स्पीकर आणि एक वूफर. बनवणाऱ्या बाई कुठल्या मोठ्या कंपनीच्या नव्हत्या. दोन खोल्यांचा कारखाना, चार कामगार, आणि सोल्डरिंगला त्या स्वतः. सोबत चिठ्ठी होती: ‘सर, मोठ्या दुकानदाराने सांगितलंय, कानसेनांनी दहापैकी सात दिले तर माल ठेवतो, नाहीतर नाही. तो माल गेला नाही तर मला कारखाना चालवणं कठीण आहे.’ ही चिठ्ठी मी बायकोला दोनदा वाचून दाखवली. बाईंचं पोट त्या आकड्यावर होतं हे मला कळत नव्हतं असं नाही. पण माझा जीव अडकला तो ‘कानसेनांनी’ या शब्दात.

तीन दिवस ऐकलं. समोरचे स्पीकर छान. संवाद स्वच्छ. वूफर इतका दमदार की शेजाऱ्याने भिंत ठोकली. पण मागचा उजवा स्पीकर अगदीच मरतुकडा. पडद्यावरचं हेलिकॉप्टर डावीकडून थाटात यायचं, आणि डोक्यावरून उजवीकडे गेलं की कुठेतरी उतरून चहाला थांबायचं. मी लिहिलं, ‘उजवी बाजू लंगडी. स्वस्ताईची किंमत कानांनी का मोजावी? दहापैकी पाच.’ हे वाक्य सुचल्यावर मी स्वतःवर इतका खूश झालो की उठून आरशात बघून आलो.

छापण्याआधी मजकूर बनवणाऱ्याला पाठवायचा, ही माझी शिस्त. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दारात हजर. खांद्याला अवजारांची पिशवी, डोळे रात्रभर न झोपल्यासारखे.

“सर, प्रत्येक संच मी स्वतः ऐकून पाठवते,” त्या म्हणाल्या. “पण चूक माझीही होऊ शकते. बदलून देते.”

त्यांनी मागचा उजवा स्पीकर बदलला. “आता?”

“तसंच,” मी रुमालाआडून म्हणालो.

वायर बदलली. “आता?”

“तसंच.”

मग त्यांनी अँप्लिफायर बदलला. मी म्हणालो, “बाई, वाईट वाटून घेऊ नका. दोष मुळातच असणार.” हे मी अगदी थोरल्या भावाच्या मायेने सांगितलं.

त्यांनी खुर्चीभोवतीच्या खडूच्या खुणा निरखल्या. मग म्हणाल्या, “सर, खुर्ची उलटी फिरवू का?”

खडूच्या खुणा मोडून! अकरा वर्षांत कोणी हे धाडस केलं नव्हतं. पण घरी आलेल्या बाईमाणसाला नाही कसं म्हणायचं? टीव्हीकडे पाठ करून बसलो. चाचणीचा ‘शूऽऽ’ असा आवाज एकेका स्पीकरमधून फिरून गेला.

“आता तर उजवीकडचे दोन्ही गेले!” मी विजयी सुरात ओरडलो.

“सर, रुमाल काढा,” त्या हळू म्हणाल्या. “मघाशी हे दोन्ही तुमच्या डाव्या हाताला होते. तुम्हीच म्हणालात, ठणठणीत वाजतात म्हणून.”

स्वयंपाकघराचं दार उघडलं. “नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं,” बायको म्हणाली. “ऐकू येईना, स्पीकर वाकडा, हे आजच ऐकलं.” पण ती हसली नाही. जवळ येऊन म्हणाली, “अहो, दीड-दोन वर्षं मी उजवीकडून काही विचारलं की तुम्ही गप्प. मला वाटलं, मोठे झालात, आता आमच्याशी काय बोलणार.”

आणि मला वाटत होतं, वयाने ती मवाळ झाली. चार मित्रांत मी त्याचं श्रेयही घेतलं होतं. त्या क्षणी मला लाज वाटली, खरीखुरी, कानाच्या पाळीपर्यंत.

कानात मळ असेल, अशी मला फार आशा होती. मळासाठी इतका झुरलेला माणूस डॉक्टरांनी पाहिला नसेल. मळ नव्हता. नसच निकामी होत चालली होती, आणि तेही बऱ्याच महिन्यांपासून.

सुटायची वाट सोपी होती. ‘बदलून आलेला संच निर्दोष निघाला, सात’ असं मी टाइपही केलं. बाईंचा माल खपला असता, माझी अब्रू राहिली असती. मजकूर त्यांना पाठवला. उत्तर एका ओळीचं आलं: ‘पहिला संचही चांगलाच होता, सर.’

मग मी जुने अंक काढून बसलो. उजव्या बाजूची तक्रार पहिल्यांदा वीस महिन्यांपूर्वीच्या अंकात सापडली. त्यानंतर आणखी तीन संचांबद्दल. ‘उजवीकडे जीव नाही.’ ‘उजवी बाजू पोरकी.’ भाषा सुंदर होती, वाचकांची कौतुकाची पत्रंही आली होती.

मी पुन्हा लिहिलं. बायकोला खुर्चीत बसवलं, भिंत ठोकणाऱ्या शेजाऱ्याला बसवलं. तो दोन तास उठेना. त्यांची मतं छापली, आठ गुण दिले आणि खाली लिहिलं की याआधीच्या चार संचांतला दोषही परीक्षकाच्या उजव्या कानात होता. दुकानदाराने बाईंचा माल ठेवला. संपादकांनी मला ‘थोडी विश्रांती घ्या’ असं सांगितलं, डाव्या बाजूला उभं राहून.

ते चार संच बनवणाऱ्या चौघांना मी फोन केले. पहिला पोट धरून हसला. दुसऱ्याने मला मनसोक्त शिव्या दिल्या, आणि मी त्या नीट ऐकून घेतल्या. तिसऱ्याला काही आठवतच नव्हतं.

चौथा म्हणाला, “हो, तो संच माझाच. तुमचं परीक्षण आलं आणि ऑर्डरी थांबल्या. कारखाना बंद करून वर्ष झालं.”

“दोष तुमच्या स्पीकरचा नव्हता,” मी म्हणालो. “माझ्या कानाचा होता. मला माफ करा.”

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, हाही कान गेला.

मग तो म्हणाला, “साहेब, मी अजून रोज तो उजवा स्पीकर उघडून बघतो. कुठे चुकलं ते सापडत नव्हतं.”