तांबूची पेटी

सखूने खोबऱ्याचा तुकडा आंब्याच्या रिकाम्या पेटीत पार मागे ठेवला, फळीवर दोनदा टिचकी मारली आणि हात मागे घेतला. कुत्र्याचं पिल्लू पेटीच्या तोंडाशी बसून तिच्याकडे बघत राहिलं.

“आत जा रे तांबू.”

तांबूने जांभई दिली.

आषाढात असं नव्हतं. सुक्या बांगड्याचा एवढासा तुकडा टाकला, टिचकी मारली, की स्वारी शेपटी हलवत आत. मग श्रावण लागला, आणि सासूबाईंच्या, म्हणजे यमुनाबाईंच्या, घरात श्रावणात मासळीचा वाससुद्धा चालत नसे. शिकवायला घेताना हे सखूच्या डोक्यातच आलं नाही. आता घ्या!

मुदत चतुर्थीची होती. सासूबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं,

“आरतीला अख्खी वाडी येनार. तुजा कुत्रा कुनाच्या पायात आला, तर दुसऱ्या दिवशी लांज्याला, माज्या भावाकडं. मग रडायचं नाय.”

सखूला तांबू हवाच होता. नवरा मुंबईला, त्याला यंदा गणपतीचीही रजा नव्हती. सासूबाई बोलायच्या त्या कामापुरत्या. दिवसभर तिच्या मागेमागे फिरणारं दुसरं होतं कोण?

आठवडाभर खोबऱ्याला मुंग्याच लागल्या. मग एक दिवस ती भातातलं तण काढून, बेणणी आटपून घरी आली, तर तांबू आपण होऊन पेटीत, गोणपाटावर पसरलेला. दुसऱ्या दिवसापासून टिचकीसरशी आत, टिचकीसरशी बाहेर. सखू हरखून गेली. रोजचा एकच तुकडा, तरी खोबऱ्याची बरणी मात्र भराभर उतरत होती.

“उंदीर माजलेत,” यमुनाबाई म्हणाल्या आणि तांदूळ पाखडत राहिल्या.

चतुर्थीला दुपारी पडवी माणसांनी भरली. ढोलकी सुरू झाली. तांबू पेटीत बसला होता, कान ताठ. तिसऱ्या आरतीला शेजारच्या धाकूच्या हातून झांज निसटली आणि खणकन पेटीपुढे आदळली. सखूच्या टाळ्या थांबल्या. तांबूने मान बाहेर काढली, झांजेचा वास घेतला आणि पुन्हा पायांवर हनुवटी टेकली. सखूला एवढा आनंद झाला, की पुढची आरती तिने सगळ्यांच्या वर आवाज चढवून म्हटली.

“कुत्रा बरा शिकिवलाव, यमुनाबाय,” प्रसाद घेताना धाकू म्हणाला.

“सुनेनं शिकिवलान. माला कुठला येळ!”

माणसं पांगली. सखूचे दोन्ही हात प्रसादाच्या ताटात गुंतलेले. यमुनाबाई पेटीपाशी वाकल्या आणि त्यांनी फळीवर दोनदा टिचकी मारली. तांबू तडक बाहेर आला. सखूकडे त्याने बघितलंही नाही, सासूबाईंच्या पदराच्या गाठीला नाक लावून बसला. त्यांनी गाठ सोडली. आत खोबऱ्याचे तुकडे होते, बारीक, सारखे चिरलेले.

सखूने ताट खाली ठेवलं.

“आये, उंदीर सापडला.”

“सापडला तर सापडला,” यमुनाबाई तांबूला भरवत म्हणाल्या. “लांज्याला निरोप धाड. कुत्रा येत नाय म्हनावं.”