लोटन भगताच्या कमरेचा दोर

लोटन भगताने मरीमायच्या बारागाड्या एकवीस वर्षं ओढल्या, आणि तो कुठे पोचायच्या आधी ही गोष्ट तिथे पोचलेली असे. एकीमागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, त्यांत खच्चून बसलेलं गाव, आणि पुढे कमरेला दोर बांधलेला लोटन. गेली तीन वर्षं तर मायची कृपा जास्तच होती. पाया पडून उठला की त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येई, तो झोकांड्या खाई, आणि गाव ओरडे, "अंगमा उनं!" माय अंगात आली, असंच लोटनलाही वाटे. एवढी ओढ ओढून छातीत साधी कळ नाही, याचा त्याला कोण तोरा!

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली. ज्योत्स्ना जळगावच्या एका दवाखान्यात हृदयाच्या वॉर्डात सिस्टर. बाप ओट्यावरून उठताना भिंत धरतो, हे तिने आल्या आल्या पाहिलं आणि मुकाट बीपीचं मशीन काढलं. आडवं करून मोजलं, वरचा आकडा एकशे पन्नास. उभं केलं, तर एकशे दहा. नुसतं पडून असताना नाडी एकशे सहा! मग त्याला संथ श्वास घ्यायला लावून तिने मनगट धरलं. श्वासाबरोबर नाडी थोडी कमीजास्त व्हायला हवी. ही आपली ढिम्म.

"आबा, हाई मायनं वारं नही," ती म्हणाली. "सोळा वरीसनी साखर शे तुमले. नवस उना का गोळ्या बंद. वर बिडी, वर बीपी. हृदयनी खबर देनाऱ्या नसा खराब व्हयन्यात. कळ येत नही ती बी त्यानामुळेच. अटॅक उना तरी तुमले समजाव नही."

लोटन भडकला. "मायनी कृपाले तू रोग म्हनस?"

पोर बापावरच गेलेली, हटते कशाला! "गाड्या ओढाना पहिले एकेक दोर तपासतस ना तुम्ही? आज मी तपासा."

लोटनने आपलं मनगट पुन्हा तिच्यापुढे धरलं.

दुसऱ्या दिवशी गाड्या बांधून तयार झाल्या. इतकी वर्षं त्याच्या बगलेला धावणारा चुलतभाऊ गिरधर दोर घेऊन आला. लोटनने तो गिरधरच्याच कमरेला बांधला.  गर्दीतून कुणीतरी म्हणालंच, "भगत घाबरना का?"

लोटनची कानशिलं तापली. हा शब्द त्याला आजवर कुणी लावला नव्हता.

"घाबरनू!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माले मराना पत्ता बी लागाव नही, असा रोग शे. तो मन्ही आंडेरनी पकडा. मन्ही आंडेरनी!"

एवढं बोलून तो त्या आंडेरला, आपल्या लेकीला, घेऊन पहिल्या गाडीत चढला. भगत आयुष्यात पहिल्यांदा गाडीत बसला होता, आणि ओढतानाही कधी नव्हती इतकी त्याची मान ताठ होती.